वाढत्या अंगाचे माप

त्या महाविद्यालयात पदवीच्या शेवटच्या वर्षी प्रत्येकाला एक लघुप्रबंध सिद्ध करावा लागे, आणि मार्गदर्शक म्हणून ज्यांच्या वाट्याला पुन्हाबाई येत, त्यांच्या सांत्वनासाठी बाकीचा वर्ग धावून येई. बाईंना आईवडिलांनी ठेवलेले एक सुरेख नाव होते. पण त्यांच्या मुखातून जो शब्द सर्वाधिक वेळा बाहेर पडे, तोच कालांतराने त्यांना चिकटला होता. विद्यार्थी एखादी संख्या घेऊन खोलीत गेला, की बाई चष्म्याच्या वरून त्याच्याकडे पाहत, कागद दोन्ही हातांनी घेत, आणि दुखणाइताला औषध पाजावे इतक्या हळुवारपणे म्हणत, "छान आहे. पुन्हा मोज."

"बाई आरशातसुद्धा दोनदा बघतात," मुले म्हणत. "एकदा स्वतःला, आणि एकदा आरसा बरोबर आहे ना म्हणून."

हा विनोद बाईंच्या कानांवर गेला होता आणि त्यांना तो आवडलाही होता. ज्या व्यवसायात माणसे पायरी पायरीने वर चढत जातात, तिथे बाई पंचवीस-तीस वर्षे त्याच खोलीत, त्याच खिडकीशी बसून राहिल्या होत्या. कारण स्वतःचे लिखाणही त्यांना कधी पुरेसे तपासलेले वाटले नाही. त्यांची एक कार्यपद्धती होती आणि ती त्यांनी व्रतासारखी सांभाळली होती. जो मोजील त्याने लिहायचे नाही. जो लिहील त्याने मोजायचे नाही. मोजणाऱ्याने आकडा स्पष्ट उच्चारायचा, लिहिणाऱ्याने तो उच्चारून परत द्यायचा, आणि मगच लेखणी कागदाला टेकवायची. "डोळ्याला जे हवं असतं, तेच हात लिहितो," त्या म्हणत. "म्हणून डोळा एकाचा असावा आणि हात दुसऱ्याचा."

त्या वर्षी बाईंच्या वाट्याला जी मुलगी आली, ती एका शिंप्याची एकुलती एक लेक. घरी तिला गुंडी म्हणत. लहानपणी ती दुकानात गुंड्यांच्या डब्यापाशी बसून असे, आणि एकदा त्यातली एक गिळून तिने सगळ्यांच्या तोंडचे पाणी पळवले होते, तेव्हापासूनचे ते नाव. तिने निवडलेला विषय साधा होता. महाविद्यालयाच्या मागच्या बाजूस एक प्राथमिक शाळा होती. तिच्यातले बाक तिथल्या मुलांच्या अंगाला बेतशीर आहेत की नाहीत, हे तिला मोजून पाहायचे होते. योगायोग असा, की त्याच वर्षी शाळा नवे बाक करून घेणार होती. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "तुझं काम झालं की मला सांग. तू म्हणशील ती उंची मी सुताराला देते. आमचा सुतार आपला अंदाजपंचे ठोकून मोकळा होतो."

बाईंच्या नियमाप्रमाणे गुंडीला जोडीदार हवा होता. ठरलेली मैत्रीण सत्राच्या मध्यावरच कुटुंबासह दुसऱ्या गावी गेली, आणि उरलेल्या सर्वांच्या जोड्या आधीच जमल्या होत्या. गुंडी त्या संध्याकाळी तोंड पाडून दुकानात बसली होती.

"एवढंच ना?" मशीनवरून मान वर न करता वडील म्हणाले. "मी मोजतो की. जन्मभर दुसरं केलं काय मी?"

"बाबा, हे कॉलेजचं काम आहे."

"मग? कॉलेजातल्या माणसांना काय चार हात असतात?"

काज करत बसलेली आई हसली. "न्या त्यांना," ती म्हणाली. "नाहीतरी लोक मास्तर मास्तर म्हणतातच. एकदा खऱ्या शाळेचं तोंड तरी बघतील."

मास्तर बाईंच्या खोलीत गेले ते स्वच्छ इस्त्रीचा सदरा घालून आणि गळ्यात टेप अडकवून. बाईंनी त्यांना खुर्ची दिली, कार्यपद्धती समजावून सांगितली, आणि मग संकोचत म्हणाल्या, "आमच्याकडे प्रत्येकाच्या हाताची परीक्षा घ्यायची पद्धत आहे. राग मानू नका."

"राग कसला बाई! नव्या कारागिराला मीसुद्धा आधी झाडन शिवायला देतो."

बाईंनी त्यांना खोलीतले टेबल मोजायला सांगितले. मास्तरांनी लांबी, रुंदी, उंची आणि पायांची जाडी मोजून आकडे सांगितले. बाईंनी आपल्या पोलादी पट्टीने तीच मापे घेतली. दोहोंत सुताचाही फरक निघेना. बाईंच्या मुद्रेवर क्वचितच उमटणारी प्रसन्नता पसरली. "मास्तर, असा हात मी फार थोड्यांचा पाहिला."

"हात कसला, टेप जुनी आहे. तिला आपोआप कळतं," मास्तर म्हणाले, पण घरी जाताना ते वाटभर गळ्यातल्या टेपवरून बोटे फिरवत होते, आणि ते खूश आहेत हे लेकीला कळत होते.

मग शाळेतले ते दिवस आले. एका रिकाम्या वर्गात मास्तर जमिनीवर उकिडवे बसत. एकेक मूल समोर येऊन उभे राही. टाचेपासून गुडघ्यापर्यंत, बसल्या जागेपासून खांद्यापर्यंत, कोपरापासून बोटांपर्यंत अशी मापे घ्यायची होती. मुले बिचकत, अंग चोरत. मास्तरांना मात्र मुलांशी बोलण्याची हातोटी होती.

"काय रे पैलवान, घरी धाकटा भाऊ आहे का?"

"आहे."

"तुझे कपडे तो पळवतो की नाही?"

"सगळे पळवतो!"

"आणि तुला नवे कधी घेतले शेवटचे?"

मूल आठवत राही, तेवढ्यात टेप गुडघ्यापाशी पोहोचलेली असे. मास्तर आकडा पुकारत. गुंडी तो परत पुकारून लिही. असा तालच त्यांना गवसला होता. मधल्या सुट्टीत दोघे पायरीवर बसून डबा खात.

"पदवी आपली दोघांची हं गुंडे," मास्तर एकदा म्हणाले. "अर्धी तुझी, अर्धी माझी."

"तुमची कुठली अर्धी?"

"गुडघ्याखालची. ती सगळी मीच मोजलीय."

निष्कर्ष समाधानकारक निघाला. बाकांची उंची आणि मुलांच्या पायांची उंची यांचा मेळ उत्तम बसत होता. नवे बाक जुन्यांच्याच मापाने करावेत, असे म्हणायला काही हरकत नव्हती. बाईंनी ते प्रकरण वाचले आणि "छान आहे" म्हणून त्या थांबल्या. पुढचा शब्द आला नाही. वर्गात ही वार्ता वणव्यासारखी पसरली.

हिवाळ्याच्या अखेरीस मास्तरांना ताप भरला आणि तो छातीत उतरला. रुग्णालयातल्या पांघरुणाची उसवलेली किनार पाहून "याला कुणी टाका घालत नाही का हो?" असे परिचारिकेला विचारणारा तो माणूस आठवड्याभरातच निवर्तला.

बाई दुकानात भेटायला आल्या. भिंतीवरच्या खुंट्यांना अर्धे शिवलेले कपडे तसेच टांगलेले होते. त्यांचे धनी मागायला यायला संकोचत होते. बाई गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसून राहिल्या. उठताना त्या गुंडीला एवढेच म्हणाल्या, "प्रबंधाची घाई करू नकोस." ज्यांनी आजवर कुणालाही एक दिवस वाढवून दिला नव्हता, त्यांच्या तोंडचे ते वाक्य गुंडीला कोणत्याही समाचाराहून मोठे वाटले.

परंतु घाई आता तिलाच होती. मास्तरांनी आयुष्यभर शिवलेले कपडे लोकांच्या अंगावर विटून, विरून जाणार होते. त्यांच्या हाताचे जे काही टिकणार होते, ते तिच्या प्रबंधात होते. ते आकडे एकदा छापले, बांधले, ग्रंथालयाच्या फळीवर ठेवले, की बाबा कुठेतरी राहतील, अशी तिची भावना झाली होती. दुसरे काहीच तिला नको होते.

प्रबंध सादर करण्यापूर्वी काही थोड्या मुलांची मापे निराळ्या हाताने घेऊन ताडून पाहायची, हाही बाईंचा शिरस्ता. या वेळी त्या स्वतः मोजायला आल्या; गुंडी लिहायला बसली. पहिल्याच मुलाचा आकडा परत पुकारताना ती अडखळली. जुना आकडा मोठा होता.

"पुन्हा मोजते," बाई म्हणाल्या. आकडा तोच आला.

दुसऱ्या मुलाचा आकडा जवळपास जुळला. तिसऱ्याचा बराच कमी भरला, चौथीचा त्याहून कमी. बाईंनी टेप पोलादी पट्टीवर ठेवून पाहिली. टेप निर्दोष होती.

"मुलं तीन-चार महिन्यांत थोडी तरी वाढतात," बाई स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "ही आखडली कशी?"

"माझंच लिहिताना चुकलं असेल," गुंडी घाईने म्हणाली. तिची पाचावर धारण बसली होती.

पाचवी मुलगी पुढे आली. तिच्या बाह्या मनगटाच्या वर चढलेल्या होत्या. बाई गुडघे टेकून तिच्या पायाशी बसल्या, तेव्हा ती गुंडीकडे पाहत म्हणाली, "ताई, ते काका नाही आले?"

"नाही."

"मग आमचे कपडे शिवून झाले का?"

"कुठले कपडे?"

"काकांनी माप घेतलं ना! मला विचारलं, धाकटी बहीण आहे का? मी म्हटलं, दोन आहेत. तर म्हणाले, बरं, बरं. कपड्यांचं मी विचारलं नाही. पण माप घेतलं म्हणजे शिवणारच ना?"

गुंडीच्या हातातली लेखणी थबकली. शाळेतल्या त्या गप्पा मुलांची भीड मोडण्यासाठी आहेत, असे ती समजत आली होती. हेच प्रश्न ती दुकानात जन्मापासून ऐकत होती, तरी तिच्या ध्यानात आले नव्हते. वाढत्या अंगाचे माप मास्तर कधीच अंगाबरहुकूम घेत नसत. पोर वाढणार, कापड दोन वर्षे पुरले पाहिजे, खाली भावंडे असतील तर त्याहून अधिक. किती सैल धरायचे ते मूल पाहून, त्याच्या घरचे ऐकून ठरे, आणि ठरल्याचे त्यांना स्वतःलाही कळत नसे. हिशेब मनात होई, तोंडातून नुसता आकडा बाहेर पडे. टेबलापुढे हात अचूक होता. मूल समोर आले की तोच हात शिंप्याचा होई.

बाईंच्या खोलीत दोघी समोरासमोर बसल्या. गुंडीने सगळे सांगितले.

"सगळ्यांतून थोडं थोडं वजा करू या," गुंडी म्हणाली. "बोटभर."

"काहींत बोटभर आहे, काहींत तीन बोटं. त्या मुलीत तर त्याहून जास्त. कुणाला किती धरलं, हे सांगता येईल तुला?"

"थोडंफार येईल."

"गुंडी."

"नाही येणार. ते त्यांच्या मनात असायचं."

"मग ते त्यांच्याबरोबर गेलं," बाई म्हणाल्या, आणि म्हटल्याबरोबर त्यांना आपल्या शब्दांचा पश्चात्ताप झाला. त्या उठून खिडकीशी गेल्या. "चूक माझी आहे. मी त्यांची परीक्षा टेबलावर घेतली. टेबल काही वाढत नाही."

"परीक्षकांना कळेल का?"

"मुळीच कळणार नाही."

"मग राहू दे ना बाई. तुमच्या पाया पडते. एवढंच राहिलंय त्यांचं."

बाई खिडकीपासून वळल्या. "तू म्हणालीस तर मी सही करीन," त्या म्हणाल्या. "आजवर अशी केलेली नाही, पण करीन. फक्त एक लक्षात ठेव. परीक्षक तुझे आकडे वाचून बाजूला ठेवेल. सुतार ते घेऊन लाकूड कापेल."

गुंडी निरोप न घेता निघून गेली. बाईंचा तिला संताप आला होता. नाही म्हणाल्या असत्या, तर त्यांच्या नावाने बोटे मोडता आली असती. होकार देऊन त्यांनी सगळा भार तिच्याच माथी ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली. आत न जाता व्हरांड्यातल्या खिडकीशी उभी राहिली. वर्ग चालू होता. बाकांखाली पायांची रांग दिसत होती. काही पाय जमिनीला टेकले होते. बरेच अधांतरी हलत होते. ज्या मुलीला दोन धाकट्या बहिणी होत्या, तिने आपले दप्तर पायांखाली घेतले होते आणि त्याच्या काठावर पायांची बोटे टेकवून ती लिहीत होती. दप्तर सरकले की लिहिणे थांबे, ते पायाने ओढून जागेवर आणले की पुन्हा चालू होई. बाबांच्या आकड्याप्रमाणे त्या मुलीची टाच जमिनीवर होती. ज्यांच्या घरी ओढगस्त, त्यांच्या मापात बाबांनी अधिक धरले होते. म्हणजे कागदावर त्यांचेच पाय सर्वांत आधी जमिनीला लागत होते, आणि बाकावर मात्र अधांतरी लोंबकळत होते.

ती तिथूनच बाईंच्या खोलीत गेली. "उद्यापासून शाळेत येता का?" तिने विचारले. "तुम्ही मोजा, मी लिहिते. सगळी मुलं."

बाईंनी मान डोलावली.

पुढचे काही आठवडे त्या उतारवयाच्या शिक्षिका रोज त्या वर्गातल्या फरशीवर बसत आणि उठताना गुंडीच्या खांद्याचा आधार घेत. मुलांशी गप्पा मारणे त्यांना जमत नसे. तरी त्या प्रयत्न करीत. एका मुलाला त्यांनी विचारले, "तुला कोणता विषय आवडतो?" तो भीतीने म्हणाला, "तुम्हाला जो आवडतो तो." गुंडी हसली. कित्येक दिवसांत ती पहिल्यांदाच हसत होती, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. कपड्यांविषयी मुले विचारीतच राहिली.

रद्द झालेली मापे फाडायची नाहीत, असा बाईंचा दंडक होता. प्रत्येक पानावर एक तिरपी रेघ ओढून खाली सही करायची. "मी ओढते रेघा," बाई म्हणाल्या.

"नको," गुंडी म्हणाली. "अक्षर माझं आहे."

तिने पट्टी ठेवून एकेक रेघ ओढली. प्रत्येक पानावरचा प्रत्येक आकडा तिला बाबांच्या आवाजात ऐकू येत होता.

शेवटी मोजणीतल्या दोषांविषयीचे पान उरले. गुंडीने लिहिले होते की काही अपरिहार्य कारणांमुळे पहिली मापे वगळण्यात आली.

"अपरिहार्य नव्हतं ते," बाई म्हणाल्या. "काय झालं ते लिही."

"मग सगळंच लिहू? ते कसे होते, कसे बोलायचे, का धरायचे सैल?"

"प्रबंधात तेवढी जागा नसते, बाळ."

दोघी दुपारभर त्या एका परिच्छेदाशी झटत राहिल्या. गुंडी एक विशेषण घाली, बाई ते खोडीत. बाईंनी स्वतःविषयी एक वाक्य घातले. गुंडीने ते खोडायला हात पुढे केला, तेव्हा बाईंनी तो धरला. "हे राहू दे. खरं आहे." मग बाईंनी पानाच्या तळाशी सही केली.

प्रबंध स्वीकारला गेला. नवे बाक जुन्यांपेक्षा बुटके झाले. बांधलेली एक प्रत घेऊन गुंडी घरी आली, तेव्हा आई दुकानात परक्या शिंप्यांकडून आलेल्या कपड्यांना काज करीत होती. तिने हात पदराला पुसले, प्रत मांडीवर घेतली, पाने चाळली.

"यात त्यांचं काही आहे का गं?"

गुंडीने ते पान काढून दिले.

"मला बारीक दिसत नाही. तूच वाच."

गुंडीने वाचले: "पहिल्या मोजणीत मोजणाऱ्याने शिवणकामातील दीर्घ सवयीमुळे मुलांच्या मापात वाढीसाठी जागा धरली होती. ती प्रत्येक मुलासाठी निराळी होती. मोजणाऱ्याच्या हाताची परीक्षा मार्गदर्शिकेने निर्जीव वस्तूवर घेतल्यामुळे हा दोष वेळीच ध्यानात आला नाही. सबब ती सर्व मापे रद्द करण्यात आली आहेत."

"एवढंच?"

"एवढंच."

आईने सुई कापडात टोचून ठेवली. "खरं लिहिलंस," ती म्हणाली. "तुझा एकही फ्रॉक पहिल्या वर्षी धड अंगाला बसला नाही कधी. खांदे उतरायचे. पोरी हसतात म्हणून रडत यायचीस. मी भांडायची त्यांच्याशी. म्हणायची, अहो, पोरीचं अंग बघा जरा! तर म्हणायचे, बघूनच शिवलाय."

आईने पानावरून हळूच हात फिरवला. कापडाचा पोत पाहतात तसा.

"रद्द म्हणजे सगळीच?"

"सगळीच."

"एखादं तरी ठेवायचं होतंस गं," आई म्हणाली.

असे एखादे ठेवता येत नाही, हे गुंडीला ठाऊक होते. का येत नाही, हेही तिला सांगता आले असते. ती आईजवळ खाली बसली आणि उरलेल्या कपड्यांपैकी एक तिने आपल्याकडे ओढून घेतला.